मुंबईची पंगत

कळंबहून मुंबईस निघालेला माणूस आजही दोन प्रश्न विचारतो : उतरायचे कोठे आणि जेवायचे कोठे? पहिल्याचे उत्तर नात्यागोत्यात सापडते. दुसऱ्याच्या उत्तरात मात्र मुंबईचा बराचसा सामाजिक इतिहास दडलेला आहे. नामांकित उपाहारगृहांच्या याद्या चवीवरून केल्या जातात. परंतु मराठवाड्यातील ज्या ख्रिस्ती कुटुंबांच्या आज्या-पणज्यांना गावच्या हॉटेलात वेगळ्या कपातून, तोही बाहेर बसून, चहा घ्यावा लागला, त्यांनी या याद्या निराळ्या नजरेने वाचाव्यात. तेथे काय मिळत होते याआधी तेथे कोणाला बसता येत होते, हे त्यांनी विचारावे.

मुंबई हे आपले शहर व्हायला वेळ लागला. १९४८ पर्यंत कळंब तालुका निजामाच्या राज्यात होता आणि आपली राजधानी हैदराबाद होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. वाट मात्र त्याआधीच पडली होती. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. तिच्यावर कळंब रोड नावाचे स्थानक होते, आणि कुर्डुवाडीस गाडी बदलली की मुंबई गाठता येई.

उतरणाऱ्यापुढे जी मुंबई होती, तिच्यातही पंगती वेगळ्याच होत्या. वॉटसनचे हॉटेल युरोपियनांसाठी होते. गिरगाव-दादरकडच्या कित्येक भोजनगृहांच्या पाट्यांवर ‘ब्राह्मणी’ हा शब्द स्वच्छतेची हमी म्हणून मिरवत असे. गोव्याहून येणाऱ्या आपल्या धर्मबंधूंनी धोबी तलावाच्या परिसरात गावागावाचे ‘कूड’ उभारले. तेथे वेदी होती, सायंकाळचा रोझरी होता आणि बोटीवर आचारी किंवा खानसामा म्हणून लागेपर्यंत अंग टाकायला जागा होती. पण तीही ज्याच्या त्याच्या गावापुरती. ही गोष्ट आपल्याला गोड वाटणार नाही, तरी ती नोंदविली पाहिजे.

इराणी हॉटेलाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. यझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या झरथुष्ट्री माणसांनी मुंबईत चहाची दुकाने थाटली. कोपऱ्यावरची जागा धंद्याला अशुभ म्हणून इतर व्यापारी टाळत. ती इराण्यांनी घेतली, असे सांगतात. धोबी तलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्थानकासमोरचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि पानी-कम चहा. मेरवानचा मावा केक खाताना आपल्याकडच्या माणसाला एकदम घरचे काही सापडते, कारण मावा म्हणजे खवाच, आणि कळंब-भूम-वाशीच्या खव्याच्या भट्ट्यांचा वास आपल्या नाकात लहानपणापासून बसलेला असतो. आणे-दोन आणे टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला इराणी मालक जात विचारीत नसे. खुर्ची रिकामी असली की तेथे कोणीही बसे, आणि समोर कोण बसले आहे याची चौकशी कोणी करीत नसे.

तथापि या चित्राला सोनेरी चौकट घालण्याची घाई नको. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले आंबेडकर बडोद्यास नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी सरायीत त्यांनी पारशी नाव धारण करून दिवस काढले. ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर काढले. म्हणजे इराण्याचे खुलेपण त्याच्या धर्मातून आपोआप आलेले नव्हते. ते मुंबईच्या गर्दीतून आणि रोखीच्या धंद्यातून आले. माझ्या मते त्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही.

हेच आंबेडकर पुढे मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘वेसाइड इन’मध्ये बसत. घटनेच्या मसुद्याचे काही काम तेथील टेबलावर झाले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बडोद्यातून हाकललेला माणूस मुंबईच्या मध्यवस्तीत चहा मागवून निवांत लिहीत बसू शकतो, हेच मला मोठे वाटते. १९४१ च्या फेब्रुवारीत ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. त्यांना ऐकायला जमलेल्यांपैकी कितीजणांना स्वतःच्या गावात चहाचा कप आतल्या बाकावर मिळत होता, याचा विचार करून पाहावा.

माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. केळीच्या पानावरचे ते जेवण अनेकांनी वाखाणले आहे, म्हणून मी थांबत नाही. पण एक नाव अशा याद्यांत क्वचितच येते, ते म्हणजे गिरणगावातील खानावळवाली बाई. एका खोलीत चूल, दोन वेळा डझनभर कामगारांची ताटे, पगार झाला की हिशेब आणि तोवर सावकाराचे व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना बँकेच्या दारापर्यंत नेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणाऱ्यांच्या खिशात पैसा उरला नाही. उधारीवर वाढणारे हात त्या काळात सर्वांत आधी रिकामे झाले. संपाच्या इतिहासात त्यांची नोंद फार थोडी आहे. प्रभुभोजनाला येऊन एक उपाशी राहतो आणि दुसरा तृप्त होतो, म्हणून संत पौलाने करिंथकरांस खडसावले होते. गिरणगावच्या या बायांनी ते पत्र वाचले नसेल, पण ताट आधी कोणापुढे ठेवायचे हे त्यांना ठाऊक होते.

वेसाइड इन २००२ च्या सुमारास बंद झाले. इराणी हॉटेलेही एकेक करून मिटली. कयानी मात्र आहे. आता लातूरहून थेट गाडी मुंबईस जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून मेट्रो सिनेमाकडे चालत गेले की ते समोर येते, आणि सोनापूरचे दुःखी मातेचे चर्च तेथून हाकेच्या अंतरावर आहे. रविवारी सकाळी मिस्सा आटोपून जावे. गर्दी असेल, अनोळखी माणसासमोरच्या खुर्चीवर बसावे लागेल. बसावे, आणि ब्रून-मस्का मागवावा.