३५ दिवसांची रजा कुठल्या नावाने टाकायची?

विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आजच्या एका प्रश्नापासून करू. समजा, आपलं पिणं आता आपल्या हातात राहिलेलं नाही हे एखाद्याला कळलंय. डॉक्टर म्हणतात भरती हो, घरचेही तयार आहेत. मग अडलंय कुठे? तर ऑफिसात. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये दारूसाठीचा निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. दोन दिवस आजारी पडलात तर कुणी विचारत नाही, ३५ दिवस गायब झालात तर सगळे विचारतात. मग अर्जात लिहायचं काय? कावीळ? वडिलांचं ऑपरेशन? गावाकडे जमिनीची मोजणी? की सरळ खरं ते?

मी मुळशी तालुक्यात राहतो. एका टोकाला हिंजवडी आणि माणचं आयटी पार्क, मधे पिरंगुट-उरवड्याचे कारखाने, पुढे पौड आणि त्याच्या पलीकडे धरण. लॅपटॉपवाला, मशीनवाला आणि या दोघांना ने-आण करणारा कॅबवाला, तिघेही एकाच रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात. हा प्रश्न तिघांनाही पडू शकतो. उत्तर मात्र तिघांचं सारखं नाही, आणि ते का नाही हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आपली भाषाच बघा ना. डायबिटीस असल्याचं आपण 'सांगतो', पण दारूचं व्यसन 'कबूल करतो'. कबूल हा कोर्टातला शब्द. तो इथे कसा आला? गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत 'मला दारू सुटत नाही' हे वाक्य तेच राहिलं, पण ऐकणाऱ्याने ते ज्या फाईलमध्ये टाकलं ती फाईल बदलत गेली. आधी चारित्र्य, मग गुन्हा, मग गैरवर्तन आणि सगळ्यात शेवटी आजार. आणि नवी फाईल उघडली म्हणून जुनी कुणी बंद केली नाही.

चारित्र्याची फाईल

१८८० साली जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकानं वाढताहेत म्हणून त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झालं, स्वयंसेवकांना अटक झाली. दोन्ही वेळा रोख होता दुकानांवर आणि दारूतून महसूल कमावणाऱ्या सरकारवर. पिणाऱ्याकडे मात्र समाज एकाच नजरेने बघत होता: बिघडलेला माणूस.

हा बिघडलेला माणूस कामावर कुणाला सांगणार होता? त्यासाठी आमच्याच पाण्याचा माग काढत मुंबईला जाऊ. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला तो टाटांच्या धरणाविरुद्ध. धरण झालंच. १९२७ पासून मुळशीचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात पडू लागलं आणि वीज गेली मुंबईला, जिथल्या गिरण्या हे टाटांच्या विजेचं मोठं गिऱ्हाईक होत्या. त्या गिरण्यांत कामगाराचा खरा मालक म्हणजे मुकादम. कामावर घेणार तोच, काढणारही तोच. तुम्ही सकाळी आला नाहीत तर का आला नाहीत याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, कारण गेटवर बदली कामगार उभेच असायचे.

शिवाय १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला होता. कामावर अपघात झाला आणि तो थेट दारूच्या अमलामुळे झाला असं ठरलं, तर जखमी कामगाराला भरपाई द्यायची मालकाची जबाबदारी नव्हती. मृत्यूचा अपवाद होता, पण बोट गेलं किंवा हात गेला तर हात रिकामेच. अशा काळात 'मी पितो' हे आपणहून सांगणारा माणूस आपल्याच विरुद्धचा पुरावा देत होता. गप्प राहणं हा तेव्हा शहाणपणाच होता.

गुन्ह्याची फाईल

मग आली दारूबंदी. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात एक प्रयत्न झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि विनापरवाना पिणं हाच गुन्हा झाला. आता सांगणं म्हणजे खरोखरच कबुलीजबाब!

यातला एक बारीक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. पोलीस संशयिताला डॉक्टरकडे नेऊन रक्त तपासू शकतील अशी तरतूद या कायद्यात १९५९ च्या दुरुस्तीने आली. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, की माणूस प्यायलाय असं कोर्ट गृहीत धरणार आणि तसं नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. म्हणजे ज्याच्याकडे मदत मागायची, तोच डॉक्टर सरकारचा साक्षीदार होऊन बसला.

त्याच कायद्याचं दुसरं टोकही मजेशीर आहे. प्यायचा परवाना मिळायचा तो प्रकृतीच्या कारणाने. आजही महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कागदोपत्री 'आरोग्याचे जतन आणि संवर्धन' यासाठीच असतो. प्यायचं असेल तर आरोग्याचं कारण चालतं, पिणं सोडायचं असेल तर तेच कारण सांगायला जीभ अडखळते!

गैरवर्तनाची फाईल

पिरंगुटमधल्या कारखान्यापर्यंत पोचलेली फाईल ही. १९४६ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना 'स्थायी आदेश' लागू झाले. गैरवर्तन कशाला म्हणायचं याची त्यात यादी असते, आणि कामाच्या जागी नशेत असणं त्या यादीत आलं. मग मेमो, चार्जशीट, खात्यांतर्गत चौकशी आणि शिक्षा.

इथे नीट लक्ष द्या. यादीत आहे ते कामाच्या जागचं वागणं. व्यसन असणं हे गैरवर्तन नाही, नशेत कामावर येणं हे गैरवर्तन आहे. म्हणून सगळा खेळ तारखेचा होतो. घटना घडण्याआधी माणूस 'मला उपचार हवाय' म्हणाला तर ते आजाराबद्दलचं बोलणं ठरतं. चार्जशीट हातात पडल्यावर तेच वाक्य बचावाचं वाटतं, आणि चौकशी अधिकारीही ते तसंच ऐकतो.

आजाराची फाईल

ही चौथी फाईल उघडली अमेरिकेत. १९३५ मध्ये अक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारात काम करणारा आणि बॉब स्मिथ हा सर्जन, दोघे पिणारे, एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. ॲनॉनिमस, म्हणजे निनावी. निनावी राहण्यामागची एक कारणं-यादी काढली तर नोकरीची भीती त्यात ठळक दिसेल. हळूहळू तिथल्या कंपन्यांना गणित कळलं. १९४० च्या दशकात ड्यूपाँ, कोडॅक अशा कंपन्यांनी पिणाऱ्या कामगाराला काढण्याऐवजी उपचाराला पाठवायला सुरुवात केली, कारण तयार झालेला कारागीर नव्याने घडवणं महाग पडतं. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही हा आजार असल्याचं मान्य केलं.

१९५७ मध्ये एए मुंबईत सुरू झाली. राज्यात दारूबंदी होती, आणि त्याच शहरात काही माणसं एका खोलीत बसून आपल्या पिण्याबद्दल मोकळेपणाने बोलत होती. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत देऊ केली आणि मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. सुरुवात गर्दने झाली, पुढे दारूचे पेशंट मोठ्या संख्येने येऊ लागले.

१९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आचारसंहिता काढली. कामाच्या जागी दारूच्या समस्येकडे इतर आजारांसारखंच बघा, माहिती गुप्त ठेवा, आपणहून उपचाराला जाणाऱ्याशी भेदभाव करू नका, असं त्यात आहे. अर्थात ही संहिता म्हणजे सल्ला, सक्ती नाही. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. दारूच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि कलम २३ ने उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क पेशंटला दिला. १९५९ मध्ये साक्षीदार झालेला डॉक्टर इथे पुन्हा तुमच्या बाजूला आला.

पण कलम २३ बांधतं ते डॉक्टरला आणि दवाखान्याला. तुम्ही मॅनेजरला चहाच्या टपरीवर जे सांगाल, त्याला हे कलम बांधत नाही.

मग सांगायचं की नाही?

सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काहीतरी उपचार मिळाला होता. उरलेल्या ३७ जणांच्या मागे पैसा, अंतर, घरची लाज अशी बरीच कारणं असतील, पण 'ऑफिसात काय सांगू' हेही त्यातलं एक असणार, असं मला वाटतं. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. ते वकिलाचं मत नाही.

डॉक्टरला सगळं सांगा. रोज किती पिता, कधीपासून, सकाळी हात थरथरतात का, सगळं. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं, आकडी येऊ शकते. नोकरीचा विचार त्यानंतर.

ऑफिसला खोटं सांगू नका. कावीळ लिहिलीत आणि उघडकीला आलं, तर आजाराच्या फाईलमधून तुम्ही स्वतःच्या हाताने गैरवर्तनाच्या फाईलमध्ये गेलात. पण खोटं न बोलणं म्हणजे सगळं सांगणं नव्हे. 'वैद्यकीय उपचारासाठी ३५ दिवसांची रजा हवी आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे' हे वाक्य पूर्ण खरं आहे. फक्त दाखला कुणाच्या लेटरहेडवर आहे ते बघा. पुण्यात व्यसनमुक्ती केंद्राचं नाव वाचलं की पुढचं सांगावं लागत नाही. दाखल्यावर काय लिहिलं जाणार, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

लॅपटॉपवाल्याला एवढं बहुतेक वेळा पुरतं. मॅनेजर जवळचा आणि पोटात ठेवणारा असेल तर त्याला जास्त सांगणं सोयीचं ठरतं, कारण परत आल्यावर टीमच्या पार्टीत ग्लास पुढे येणारच आहे. मशीनवाल्याने ईएसआयचे कागद नीट ठेवावेत. ईएसआयचा आजारपणाचा लाभ चालू असताना मालक कामगाराला कामावरून काढू शकत नाही, असं १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ मध्ये होतं.

कॅबवाल्याचं, क्रेनवाल्याचं, बस चालवणाऱ्याचं तसं नाही. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचाही या माहितीत हिस्सा आहे. तिथे गप्प राहायची मुभा मला दिसत नाही. कारण सांगा किंवा सांगू नका, पण उपचार होईपर्यंत स्टिअरिंग सोडा.

आणि मेमो आधीच हातात असेल, तर चौकशीच्या तारखेची वाट बघू नका. उपचार सुरू करा आणि तसं लेखी कळवा. उशिराची तारीखही तारीखच असते, कागदावर ती तुमच्या बाजूने उभी राहू शकते.

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीकडे ऑफिसचं नाव सांगायची गरज नाही. भेटू पुढच्या भागात.