डिस्क विभाजन

डिस्क विभाजन म्हणजे संगणकाच्या हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह इत्यादी साठवण-साधनांचे स्वतंत्र विभागांत केलेले वाटप होय. विंडोजमध्ये प्रत्येक विभाग सहसा निराळ्या अक्षराने दिसतो. ए व बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखीव असल्याने मुख्य विभाग बहुधा सी असतो. बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हला मोकळे असलेले पुढील अक्षर मिळते. सी आणि डी हे अनेकदा एकाच डिस्कचे भाग असतात. डिस्क बिघडल्यास दोन्ही एकदम जातात, म्हणून सीवरील फायलींची डीवर ठेवलेली प्रत सुरक्षित मानता येत नाही. लिनक्समध्ये अशी अक्षरे नसतात. बाह्य ड्राइव्ह एखाद्या फोल्डरच्या जागी जोडला जातो.

विभागांची नोंद डिस्कच्या आरंभी असते. जुन्या एमबीआर पद्धतीत ती पहिल्या ५१२ बाइटांतच बसवलेली असल्याने चारच प्राथमिक विभाग करता येतात. कोणती फाइल कोठे आहे, याची सूची प्रत्येक विभागात वेगळी असते. ती वाचता न आल्यास फायली शाबूत असूनही विंडोज फॉरमॅट करण्यास सुचवते. आतील मजकूर हवा असल्यास तेव्हा होकार देऊ नये.

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने नेमक्या याच नोंदींवर घाला घातला. एमबीआरमधील आरंभीचा प्रोग्राम बदलून तो एनटीएफएस विभागांतील फायलींची मुख्य सूची कूटबद्ध करी. पडद्यावर मात्र डिस्कची तपासणी चालू असल्याचा देखावा दिसे. मर्स्क समूहाच्या यंत्रणेला त्याची लागण झाल्याने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले आणि कंटेनरांची कामे हाताने उरकण्याचा प्रयत्न करावा लागला.