तयार चौकट: शिकाऊला सोपी, जाणत्याला मोकळी

सातबाऱ्याचा उतारा, बाजारसमितीतले भाव, दहावीचा निकाल, या गोष्टी आता आपण घरबसल्या फोनवर पाहतो. बोट फिरवले की पान समोर उभे राहते. हे पान येते कोठून? दूर कोठेतरी एक संगणक चालू असतो. आपली मागणी पोचली की तो आपल्या दप्तरातून नेमकी नोंद काढतो, ठरलेल्या साच्यात बसवतो आणि आपल्याकडे धाडून देतो. मागणी कोणाची, नोंद कोणती, मागणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकार आहे की नाही, हे सारे त्या संगणकाला कोणीतरी आधी शिकवून ठेवलेले असते. हे शिकवणारा तो प्रोग्रामर.

आता पाहा, ही कामे जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळाला सारखीच लागतात. मग ती दर वेळी पहिल्यापासून कशाला लिहायची? म्हणून काही जाणत्या लोकांनी ती एकदाच लिहून ठेवली आणि इतरांना वापरायला दिली. या तयार सामानाला फ्रेमवर्क म्हणतात; आपण चौकट म्हणू. सुताराने दाराची चौकट करून दिली की फळ्या आपल्या मनाजोगत्या बसवाव्या, तसेच हे. यातल्या पुष्कळ चौकटी मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांचा आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, आणि त्यासाठी दाम मोजावा लागत नाही.

दाम नाही म्हटल्यावर तिथे सगळेच येतात. कालपरवा शिकू लागलेला पोरगा येतो आणि वीस वर्षे मुरलेला कारागीरही येतो. पोरगा म्हणतो, मला सगळे तयार हवे. कारागीर म्हणतो, तयार द्या, पण माझा हात अडवू नका. दोघांचेही खरेच की हो! चौकट करणाऱ्याने ऐकायचे कोणाचे? या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत काय काय घडले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते पारखून घेता येईल. पोरगा आणि कारागीर यांचे वैर वाटते तेवढे नाही. घात होतो तो मदत लपवून केली म्हणजे.

पहिली गोष्ट पीएचपीची. ही खरे तर भाषा आहे, चौकट नव्हे. पण प्रश्नाची सुरुवात इथून दिसते. रास्मुस लेरडॉर्फ या गृहस्थांनी आपल्या स्वतःच्या संकेतस्थळासाठी काही हत्यारे केली होती, ती १९९५ साली त्यांनी लोकांना खुली करून दिली. त्यांतून पीएचपी वाढली. तिचा उंबरा फार बुटका होता. साध्या पानाच्या मजकुरातच मध्ये दोन ओळी लिहायच्या, पान संगणकावर ठेवायचे, की काम चालू. जगभर हजारो हौशी लोक याच दाराने आत आले.

नवशिक्यासाठी तिच्यात एक खास सोय होती. पाहणाऱ्याने अर्ज भरून पाठवला की त्यातला प्रत्येक रकाना आपोआप प्रोग्राममध्ये हजर होई. मागावा लागत नसे. सोय छान, पण तिचा अर्थ काय झाला? समजा, शाळेच्या प्रवेश अर्जावर नाव, गाव आणि इयत्ता एवढेच रकाने आहेत. एका पालकाने खाली आपल्या हाताने लिहिले, ‘फी माफ’. आणि कारकून असा भोळा, की अर्जावर जे जे दिसेल ते ते रजिस्टरात उतरवून घेतो! पीएचपीचा कारकून असाच होता. पत्त्याच्या ओळीत कोणी ‘हा माणूस अधिकारी आहे’ अशा अर्थाचा शब्द जोडून दिला, आणि प्रोग्राम लिहिणारा बेसावध असला, तर तेही खरे धरले जाई. शेवटी एप्रिल २००२ मध्ये ही सोय मुळातून बंद ठेवलेली मिळू लागली. ज्याला हवी त्याने ती चालू करावी. पुरती काढून टाकायला मात्र २०१२ उजाडले, कारण जुनी संकेतस्थळे तिच्याच आधारावर उभी होती. एकदा लावलेली सवय मोडायला किती वर्षे लागतात, हे शिक्षकांना मी काय सांगू?

आता एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊ. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या पत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ साली काम करीत होते. विलिसन इंग्लंडहून आलेला विद्यार्थी. वर्तमानपत्राचे काम कसे असते, ठाऊक आहे ना? बातमी उद्याच्या अंकात हवी, तर तिच्या जोडीचे पानही आजच हवे. या घाईतून त्यांनी पायथन भाषेत आपल्यापुरती एक चौकट बांधली. बातमीदार काही प्रोग्रामर नव्हेत. म्हणून त्यांना मजकूर स्वतः भरता यावा यासाठी नोंदी भरायची तयार पाने चौकटच बनवून देई. जुलै २००५ मध्ये पत्राच्या चालकांनी ही चौकट मुक्तस्रोत केली. नाव ठेवले जँगो. इंग्रजीत लिहिताना आधी ‘डी’ येतो, पण तो मुका. जँगो राइनहार्ट हा मोठा गिटारवादक होता. आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली, तरी उरलेल्या बोटांवर त्याने आपले वादन उभे केले. नाव त्याचे.

सुरुवातीच्या जँगोत आपोआप होणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. विद्यार्थ्याने एका फाइलीत आपल्या नोंदीचे वर्णन लिहिले, की चौकट त्यावरून दुसऱ्याच ठिकाणी, थोड्या वेगळ्या नावाने, वापरायचे सामान तयार करी. ते ठिकाण कुठे होते? डिस्कवर शोधाल तर सापडायचे नाही. प्रोग्राम चालू असतानाच ते अस्तित्वात येई. सगळे सुरळीत असले तर जादू वाटे. पण चूक झाली की शिकाऊ पोरगा त्या नावाची फाइल शोधत बसे, आणि ती तर नव्हतीच! आपण लिहिलेले कुठे गेले, आलेले कुठून आले, काही कळायला मार्ग नाही. इकडे कारागिरालाही बदल करायचा तर हात घालायला जागा नव्हती. पाहा बरे, एकाच लपवलेल्या मदतीने दोघांनाही अडवले.

जँगोच्या मंडळींनी मग कामाची एक वेगळी शाखा काढली आणि तिला ‘जादू काढणे’ हेच नाव दिले. मे २००६ मध्ये ते काम मुख्य मजकुरात आले आणि त्याच जुलैत लोकांच्या हाती पडले. आता तुम्ही जिथे लिहाल, तिथूनच घ्यायचे. ज्या नावाने लिहाल, त्याच नावाने. या बदलाने आधी लिहिलेले प्रोग्राम मोडले, लोकांना ते हाताने दुरुस्त करावे लागले. वर्षभरापूर्वी आलेल्या चौकटीने आपल्या पहिल्यावहिल्या माणसांना एवढा त्रास द्यावा, हे धाडसच. पण ते लवकर केले म्हणून निभले. सप्टेंबर २००८ मध्ये जँगोची १.० आवृत्ती आली, आणि इथून पुढे असे मोडणार नाही, असा शब्द देण्यात आला. त्याच आवृत्तीत बातमीदारांसाठीची भरणा-पानेही नोंदीच्या वर्णनातून वेगळी काढली. आधी वर्णनातच एक खूण केली की पान तयार होई. आता वेगळ्या फाइलीत ‘ही नोंद या पानावर दाखव’ असे लिहावे लागते. नवशिक्याला एक ओळ जास्त. पण त्या ओळीमुळे पान कुठून आले हे त्याला दिसते, आणि उद्या पालटायचे झाले तर कुठे हात घालायचा तेही.

जँगोच्या आधी वर्षभर, जुलै २००४ मध्ये, रुबी भाषेतली रेल्स ही चौकट आली होती. डेन्मार्कचे डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी ती बेसकँप या आपल्या कामातून बाहेर काढली. तिचा मंत्र असा: बारीकसारीक ठरवत बसू नका, वहिवाट पाळा. नोंदीचे नाव इंग्रजीत ‘पर्सन’ ठेवले, तर तिचा तक्ता ‘पीपल’ असणार, हे ती स्वतःच ताडते. इंग्रजी अनेकवचनाचे व्याकरणच तिच्यात घातलेले आहे! मला ही कल्पना थोडी अतीच वाटते. पण ती लपलेली नाही. वहिवाट काय आहे ते छापून सांगितलेले आहे, आणि तुमचा तक्ता जुना, वेगळ्या नावाचा असेल तर एका ओळीत तसे कळवता येते. हमरस्ता सोपा, आणि आडवाटेला कुंपण नाही.

पण याच रेल्समध्ये आपला भोळा कारकून पुन्हा भेटतो. अर्जातले सगळे रकाने एकदम नोंदीत भरायची सोय तिच्यात होती. आवर घालायचे साधनही होते, पण ते ज्याचे त्याने आठवणीने लावायचे. मार्च २०१२ मध्ये एका रशियन तरुणाने हा धोका पुढे आणला, तेव्हा ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची, असे उत्तर मिळाले. आता गंमत पाहा. रेल्सचा स्वतःचा मजकूर ठेवलेला होता गिटहब या संकेतस्थळावर, आणि गिटहब बांधलेले होते रेल्सवरच. त्या तरुणाने गिटहबच्या अर्जात एक जादा रकाना घालून रेल्सच्या दप्तराची किल्ली स्वतःच्या नावाने करून घेतली आणि तिथे आपली नोंद करून दाखवली! गिटहबने भोक ताबडतोब बुजवले. त्यानंतर रेल्सचा मूळ रिवाज बदलला, आणि जून २०१३ च्या चौथ्या आवृत्तीपासून ‘नाव घे, गाव घे, बाकी सोड’ असे रकाने मोजून सांगावे लागतात. पुन्हा एक ओळ जास्त. मुरलेल्या कारागिरांच्या हातून जे सुटले, ते नवशिक्याच्या ध्यानात राहील असे धरणे मुळातच चूक होते, असे मला वाटते.

आता दुसरे टोक. १ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर यांनी एका फाइलीत मावणारी नवी चौकट म्हणून एक थट्टा प्रसिद्ध केली. लोकांनी ती खरीच धरली. मग त्यांनी खरोखरीची छोटी चौकट केली, तिचे नाव फ्लास्क. सहा-सात ओळींत पहिले पान दिसते, आणि पोरगा खूष होतो. पण दप्तर कोणते ठेवायचे, ओळख कशी पटवायची, हे फ्लास्क सांगत नाही. तुमचे तुम्ही निवडा. कारागिराला हेच हवे असते. पोरगा मात्र पहिल्या दिवशी हसतो आणि दहाव्या दिवशी दहा दुकानांपुढे गोंधळून उभा राहतो. जँगोत नेमके उलटे: पहिल्या दिवशी ओझे वाटते, दहाव्या दिवशी सगळे घरातच सापडते. फ्लास्कवाल्यांनी यावर केले काय, तर चौकटीला हात न लावता सोबतच्या मार्गदर्शकात एक छोटे संकेतस्थळ अथपासून इतिपर्यंत बांधून दाखवले. त्यात दप्तर कोणते, ओळख कशी, सगळे निवडून दिले. निवड पुस्तकात राहिली, चौकट मोकळी राहिली.

जुलै २०१४ मध्ये बर्लिन येथे ओला सितार्स्का आणि ओला सेंडेत्स्का या दोन पोलिश तरुणींनी असेच काहीसे केले. कधीही प्रोग्राम न लिहिलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी जँगो गर्ल्स नावाची कार्यशाळा भरवली. लहान लहान गट केले, प्रत्येक गटापाशी एक जाणता माणूस बसवला. जँगोत त्यासाठी काही बदलावे लागले नाही. त्यांनी एक मार्गदर्शक लिहिला, तो पुढे अनेक भाषांत गेला. त्यात चौकटीची ओळख बरीच उशिरा होते. आधी इंटरनेट चालते कसे, मग हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी म्हणजे काय आणि ती उघडायची कशी, मग पायथनची पहिली अक्षरे. आणि हे सगळे झाल्यावर मग जँगो.