आरोळीकडून सुरांकडे : ‘टायटल फाइट’ची वाटचाल

हार्डकोअर पंक म्हटले की डोळ्यांसमोर येते ते ठरावीक चित्र. छोटेसे सभागृह, कर्कश गिटार, धावता ड्रम आणि घसा फोडून ओरडणारा गायक. या चित्रात माधुर्याला जागा असेल, असे सहसा वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र या संगीताच्या एका शाखेने वेग आणि आवेश कायम ठेवून त्यात सुरावट मिसळली. ‘मेलडिक हार्डकोअर’ या नावाने ती ओळखली जाते. या शाखेतून आलेल्या आणि पुढे तिची चौकटच ओलांडून गेलेल्या तरुण बँडमध्ये ‘टायटल फाइट’चे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

शाखेचा उगम

१९८० मध्ये वॉशिंग्टन शहरात स्थापन झालेल्या ‘मायनर थ्रेट’ या बँडने हार्डकोअरचा साचा पक्का केला. एक-दोन मिनिटांची गाणी, अतिद्रुत लय आणि थेट शब्द ही त्याची वैशिष्ट्ये. त्याच काळात कॅलिफोर्नियात ‘डिसेंडंट्स’ने याच वेगाला गुणगुणता येईल अशा चालींची जोड दिली, त्यांचा ‘मायलो गोज टू कॉलेज’ हा अल्बम १९८२चा. पुढे १९८६ मध्ये ‘डॅग नॅस्टी’चा ‘कॅन आय से’ आणि १९८८ मध्ये ‘बॅड रिलिजन’चा ‘सफर’ आला. ‘सफर’मध्ये पंधरा गाणी अवघ्या सव्वीस मिनिटांत संपतात, तरीही जवळजवळ प्रत्येक गाण्याची चाल लक्षात राहते. न्यू जर्सीच्या ‘लाइफटाइम’ने १९९५ मध्ये ‘हॅलो बास्टर्ड्स’द्वारे हाच धागा पुढे नेला. ‘टायटल फाइट’च्या सुरुवातीच्या गाण्यांवर या परंपरेची छाप स्पष्ट जाणवते.

खाणींच्या खोऱ्यातील मुले

पेनसिल्व्हेनिया राज्यातील किंग्स्टन या छोट्या गावात २००३ मध्ये हा बँड सुरू झाला. नेड आणि बेन रसिन हे जुळे भाऊ आणि जेमी रोडन हे त्या वेळी शाळकरी वयाचे होते. नेडकडे बेस गिटार आणि गायन, बेनकडे ड्रम, तर जेमीकडे गिटार आणि गायन अशी विभागणी होती. शेन मोरान हा दुसरा गिटारवादक नंतर त्यांना येऊन मिळाला.

किंग्स्टन हे सस्क्वेहॅना नदीकाठचे गाव. कठीण दगडी कोळशाच्या खाणींवर एकेकाळी हे सारे खोरे जगत असे. जानेवारी १९५९ मध्ये नदीचे पात्र फुटून पाणी नॉक्स खाणीत शिरले आणि बारा कामगार मृत्युमुखी पडले. येथील खोल खाणकाम त्यानंतर जवळपास संपुष्टात आले. जून १९७२ मध्ये ॲग्नेस चक्रीवादळामुळे आलेल्या महापुराने खोरे पुन्हा उद्ध्वस्त केले. या भूगोलाचा ठसा बँडच्या गाण्यांवर उमटला आहे. ‘फ्लड ऑफ सेव्हंटी टू’ आणि ‘यू कान्ट से किंग्स्टन डझन्ट लव्ह यू’ ही गाण्यांची नावेच त्याची साक्ष देतात.

तीन अल्बम, तीन आवाज

बँडचा पहिला पूर्ण अल्बम ‘शेड’ मे २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘गोरिला बिस्किट्स’ या न्यूयॉर्कच्या जुन्या हार्डकोअर बँडचे वॉल्टर श्रायफल्स त्याचे निर्माते होते. बारा गाणी, अर्ध्या तासाहून कमी वेळ, दोन गायकांची खरखरीत आरोळी आणि तिच्याखालून वाहणारी गिटारची सुरावट असे त्याचे रूप होते.

सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘फ्लोरल ग्रीन’ने पहिले वळण घेतले. फिलाडेल्फियाजवळील कॉन्शोहॉकन येथील ‘स्टुडिओ फोर’मध्ये विल यिप यांनी त्याचे ध्वनिमुद्रण केले. यातील बरीचशी गाणी आक्रमकच होती. परंतु ‘हेड इन द सीलिंग फॅन’ हे गाणे विलंबित लयीत आले. गिटारच्या स्वरांना प्रतिध्वनीची जोड देऊन ते एकमेकांवर रचल्यामुळे आवाजाचा एक दाट पडदा तयार झाला. ही पद्धत ब्रिटनमधील ‘शूगेझ’ प्रवाहाची; १९९१ मधील ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’चा ‘लव्हलेस’ हा तिचा मानदंड मानला जातो.

फेब्रुवारी २०१५ मधील ‘हायपरव्ह्यू’मध्ये हा अपवादच नियम झाला. निर्माते पुन्हा विल यिप. कंपनी मात्र ‘अँटी’ ही नवी होती. ‘बॅड रिलिजन’चे गिटारवादक ब्रेट गुरेविट्झ यांच्या ‘एपिटाफ’ या कंपनीची ती भगिनी संस्था. दहा गाण्यांच्या या अल्बममध्ये आरोळी बरीच मागे पडली, गिटारचा कर्कशपणा ओसरला आणि शब्द धुक्यातून ऐकू यावेत तसे स्वरांत मिसळून गेले. ‘क्लोरीन’ आणि ‘रोज ऑफ शॅरन’ ही गाणी शेजारी ठेवली, तर जुना आवेश किती उरला आणि किती विरघळला, हे ध्यानात येते.

प्रश्न श्रोत्यांचा

हा बदल केवळ अभिरुचीपुरता मर्यादित नव्हता. हार्डकोअरच्या कार्यक्रमात रंगमंच आणि श्रोते यांच्यात अंतर नसते. श्रोते मंचावर चढतात, गर्दीवर झेप घेतात, ध्वनिक्षेपक ओढून गाण्याच्या ओळी म्हणतात. ज्या गाण्यावर उडी मारता येत नाही आणि ज्याचे शब्द ओरडता येत नाहीत, त्या गाण्यात श्रोत्याचे काय काम, असा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. जुन्या चाहत्यांपैकी काहींना ‘हायपरव्ह्यू’ परका वाटला, तो याच कारणाने. दुसऱ्या बाजूने पाहता, शाळकरी वयातील आवेश पंचविशीत जसाच्या तसा वठवणे हा केवळ अभिनय ठरला असता. प्रामाणिकपणा हे या संगीताचे मूल्य असेल, तर बदलणे हेच त्याच्याशी इमान राखणे होते, असे म्हणावे लागते.

त्यानंतरच्या दशकात बँडचा नवा अल्बम आला नाही. नेड रसिनने ‘ग्लिटरर’ या नावाने वेगळे संगीत सुरू केले. तथापि, दार उघडले गेले होते. बाल्टिमोरच्या ‘टर्नस्टाइल’ने २०१८ मधील ‘टाइम अँड स्पेस’ विल यिप यांच्याकडेच केला आणि २०२१ मधील ‘ग्लो ऑन’मध्ये हार्डकोअरला स्वप्नवत सुरांची जोड दिली. या अल्बममधील गाण्यांना पुढे ग्रॅमी नामांकनेही मिळाली.

प्रथमच ऐकणाऱ्यांनी ‘शेड’, ‘फ्लोरल ग्रीन’ आणि ‘हायपरव्ह्यू’ याच क्रमाने ऐकावे. तिन्ही मिळून जेमतेम दीड तास लागतो. मात्र तेवढ्या वेळात एक तरुण बँड ऐकता ऐकता प्रौढ होतो.