गहू आणि नांगर

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात लोकवन, सिहोर, खपली अशी गव्हाची नावे तुम्ही वाचलीच असतील. गिऱ्हाईक मूठभर दाणे तळहातावर घेते आणि दाणा भरलेला आहे की सुरकुतलेला, ते पाहते. आता हा दाणा भरण्या-न भरण्याशी नांगराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुना आहे.

आपल्या काळ्या रानात पूर्वी दर वर्षी नांगर धरीत नसत. तीनचार वर्षांतून एकदा नांगरट. एरव्ही कुळवाच्या पाळ्या आणि पाभरीने पेरणी. जिरायत गहू जमिनीत उरलेल्या ओलीवर यायचा. माती उलथली की ओल उडते, हे शेतकऱ्याला पोथी न वाचता ठाऊक होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. पण हरळी नि कुंदा यांची खोल मुळे लाकडी नांगराला दाद देत नव्हती. लोखंडी नांगराने ती उपटली आणि त्याचे राज्य सुरू झाले. मागाहून ट्रॅक्टर आला आणि गरजेची नांगरट सवयीची झाली.

या सवयीची किंमत अमेरिकेने आधी मोजली. उघड्या पडलेल्या मातीची काळी वावटळ १४ एप्रिल १९३५ रोजी तिथल्या मैदानांवर उठली. १९४३ साली एडवर्ड फॉकनर यांनी माती पालथी करणाऱ्या नांगरावरच पुस्तक लिहून हल्ला चढविला.

आपल्याकडे १९९० च्या सुमारास पंतनगरच्या कृषी विद्यापीठात विनानांगरणीचे पेरणीयंत्र तयार झाले. भाताच्या धसकटातच बारीक चीर पाडून ते बी आणि खत सोडते. आपल्या पाभरीचेच भावंड म्हणा ना! मशागतीचे दिवस वाचतात, पेरणी लवकर होते आणि उन्हाळा तापण्यापूर्वी दाणा भरतो. हे दिवस किती मोलाचे, ते २०२२ साली कळले. त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, गहू सुरकुतला आणि १३ मे रोजी सरकारला निर्यात थांबवावी लागली. महाराष्ट्रात तर थंडीच आखूड; इथे एकेक दिवस मोलाचा.

मात्र नुसता नांगर सोडून भागत नाही, बरे का! आधीच्या पिकाचे काड रानात पसरून ठेवले तरच ओल टिकते. तेच काड जनावरांना हवे असते, नाहीतर पेटवून दिले जाते. तण वाढले की खुरपणीची मजुरी तरी द्यावी लागते किंवा औषध तरी फवारावे लागते. तेव्हा नांगर चांगला की वाईट, हा वाद आता पुरे. या रानात, या वर्षी तो कशासाठी धरायचा, एवढे विचारून बैल किंवा ट्रॅक्टर बाहेर काढावा; आपले पूर्वज हेच तर विचारीत होते.