न दिसणारे कुंपण

गेल्या मे महिन्यात मी अमेरिकेत होतो. पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे, आणि पाहून आलेल्या मंडळींनी त्यावर लिहिलेही पुष्कळ आहे, म्हणून त्या वाटेला मी जात नाही. माझी थोरली बहीण सुनेच्या बाळंतपणासाठी पेनसिल्वेनियात मुलाकडे राहिली होती. विमाने बदलीत एकटीने परत येण्याचा तिला धीर होईना, तेव्हा शाळेला सुट्टी लागताच तिला आणायला मी गेलो, एवढेच. फिलाडेल्फियापासून तासाभरावरच्या त्या वस्तीत जे काही पाहिले, त्यातली एकच गोष्ट अजून मनातून जात नाही. ती म्हणजे भाच्याचा कुत्रा.

पहिल्याच सकाळी मी पाय मोकळे करून परतत होतो. ब्रूनो नावाचा तो थोराड लॅब्रॅडॉर मला परका समजून हिरवळीवरून भुंकत धावत सुटला. मी कोकणातला माणूस, सवयीने दगडासाठी वाकलो. (दगड सापडला नाही. त्या रस्त्यांवर दगड नसतात.) पण रस्त्याच्या पाच-सहा हात अलीकडे तो एकदम थबकला आणि तिथल्या तिथे येरझारा घालीत भुंकू लागला. आमच्या दोघांच्या मध्ये काहीही नव्हते. ना गडगा, ना तार, ना साधी मेंदीची वई.

"घाबरू नका मामा, तो येणार नाही," भाचा दारातून ओरडला, "कुंपण आहे तिथं."

"कुठं आहे?"

"जमिनीत."

आमच्याकडे माणूस घराच्या आधी गडगा घालतो. तो हातभर सरकला म्हणून दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारी घरे मला माहीत आहेत. इथे मात्र सबंध रस्ताभर एकाच्या हिरवळीतून दुसऱ्याची हिरवळ निघालेली. हे केवळ मनाच्या मोठेपणामुळे, असे मला आधी वाटले. परत आल्यावर थोडे वाचले तेव्हा कळले की, यालाही इतिहास आहे आणि तो दीडशे वर्षांहून जुना आहे. १८७० साली फ्रँक स्कॉट नावाच्या गृहस्थाने उपनगरातल्या घरांच्या बागा कशा असाव्यात यावर एक ग्रंथ लिहिला. आपल्या अंगणाची शोभा येणाऱ्याजाणाऱ्यापासून कुंपणाआड लपवणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिट नावाच्या कंत्राटदाराने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून हजारो घरांची एक वसाहतच उभी केली आणि तिला लेव्हिटटाउन नाव दिले. तिथल्या करारात कलमच होते की, घराभोवती कुंपण घालायचे नाही. १९५२ मध्ये त्याने पेनसिल्वेनियातही तशीच दुसरी वसाहत काढली.

पण कुंपण नको म्हणणाऱ्या या लेव्हिटने आणखी एक कलम घातले होते. लाँग आयलंडच्या करारांत ही घरे फक्त गोऱ्या वंशाच्या लोकांसाठी आहेत, असे लिहिलेले असे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असल्या अटी न्यायालयांतून अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. तरी व्यवहार तोच राहिला. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे जोडपे पेनसिल्वेनियाच्या लेव्हिटटाउनमध्ये राहायला आले, तेव्हा त्यांच्या घरासमोर जमाव जमला आणि दगडफेक झाली. तिथल्या एकाही अंगणाला वई नव्हती. सरहद्द कुठे आहे हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

हे विषयांतर झाले खरे, पण अगदीच परके नाही. कुंपण असावे पण दिसू नये, ही हौस तशी जुनी. अठराव्या शतकात इंग्लंडातले जमीनदार बागेच्या कडेला खंदक खणून एका बाजूने भिंत बांधीत. वाड्याच्या खिडकीतून पाहावे तो सलग हिरवे कुरण, आणि गुरे मात्र खंदकापलीकडे. या प्रकाराला ते 'हाहा' म्हणत. नाव थट्टेचे वाटते, पण बागकामाच्या ग्रंथांतून तेच आहे.

विजेचा उपयोग पुष्कळ नंतरचा. १९३० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमध्ये बिल गॅलघर नावाचा एक शेतकरी होता. त्याचा जो नावाचा घोडा मोटारीला अंग घासायचा. गॅलघरने मोटारीलाच अशी जोडणी केली की, घोडा अंग घासू लागला की त्याला झटका बसावा. घोड्याने नाद सोडला आणि गॅलघरला धंदा सापडला. आज रानडुकरांसाठी आमच्या गावात लोक शेताभोवती जे झटका मशीन लावतात, ते याच कुळातले. त्यात वीज क्षणभर येते नि जाते. जनावर दचकते, मरत नाही. काही शहाणे मात्र मशीनचे पैसे वाचवायला घरातली वीज सरळ तारेत सोडतात. त्याने डुक्कर मरते, आणि रात्री पाणी लावायला गेलेला माणूसही मरतो. ही बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो.

आता ब्रूनोचे कुंपण. ते काढले पेनसिल्वेनियातल्याच रिचर्ड पेक याने. हा फिरता विक्रेता होता आणि गावोगाव जाताना रस्त्यावर मोटारीखाली मेलेली कुत्री पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९७३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. धंदा त्याला फारसा साधला नाही. १९७६ मध्ये तो जॉन पर्टेल याने विकत घेतला आणि मग त्याचा प्रसार झाला. पेटंटची मुदत १९९० मध्ये संपल्यावर इतर कंपन्याही त्यात उतरल्या. पेकच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. कुत्रा मोकळा सोडायचा नाही हा कायदा, कुंपण घालायचे नाही हा वस्तीचा नियम, आणि दाराशी मोटारींचा रस्ता. या तिघांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला त्याने वाट काढून दिली.

विज्ञानाचे माझे ज्ञान मॅट्रिकपुरते, पण एवढे समजायला तेवढे पुरते. अंगणाभोवती वीतभराहूनही कमी खोल चर मारून त्यात एक तार सलग पुरतात. तिची दोन्ही टोके गॅरेजमधल्या एका छोट्या पेटीला जोडलेली असतात. पेटीतून तारेत अगदी क्षीण प्रवाह सोडतात, आणि तोही सारखा उलटसुलट होणारा. त्यामुळे तारेभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. कुत्र्याच्या गळपट्ट्यात तारेचे बारीक वेटोळे असते. कुत्रा तारेच्या जवळ आला की त्या बदलत्या क्षेत्राने वेटोळ्यात वीज उपजते. फॅरडेने १८३१ साली दाखवले, तेच. आधी पट्टा नुसता पीं करून वाजतो. कुत्रा आणखी पुढे गेला तर पट्ट्याच्या दोन बोथट खुंट्या मानेला टेकलेल्या असतात, त्यांतून झटका बसतो. पेटीपासून अंगणाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घालतात. एकीतला प्रवाह जाणारा, दुसरीतला येणारा, त्यामुळे दोघींचा परिणाम कटतो आणि तेवढ्या पट्टीवरून कुत्रा खुशाल ये-जा करू शकतो. युक्ती मोठी सुरेख आहे, नाही म्हणता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मला दोनदा विचारून घ्यावी लागली. झटका तारेतून येत नाही. तार फक्त खूण करते. झटका देणारी बॅटरी कुत्र्याच्या स्वतःच्या गळ्यात असते.

कुत्र्याला हे शिकवण्याचीही रीत आहे. हद्दीवर पांढऱ्या निशाणांच्या काड्या रोवतात. धनी दोरी धरून त्याला निशाणांपाशी नेतो, पट्टा वाजला की मागे ओढतो आणि परतल्याबद्दल खाऊ देतो. असे दिवसातून चारदा, दोन-तीन आठवडे. मग एकेक करून निशाणे काढून टाकतात.

"ब्रूनो दहा दिवसांत शिकला," भाचा म्हणाला. त्या आवाजात बापाचा अभिमान होता. मग जरा थांबून म्हणाला, "खरं सांगू का मामा? तार तुटलेय. गेल्या दिवाळीत केबलवाल्यांनी चर खणला तेव्हाच तुटली. पट्ट्याची बॅटरीही मी नंतर बदलली नाही."

"मग हा जात का नाही?"

"त्याला कुठं माहीत आहे!"

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी पेकच्या वीस वर्षे आधीच काढून ठेवले होते, हे मला वाचताना कळले. १९५३ साली हार्वर्डच्या रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी आपले प्रयोग छापले. मध्ये अडसर घालून एका पेटीचे दोन खण केलेले. एका खणात कुत्रा. दिवा मालवला की दहा सेकंदांनी पायाखालच्या जाळीत वीज येई. कुत्रा उडी मारून पलीकडे गेला की सुटला. थोड्याच खेपांत कुत्री दिवा मालवताच, वीज येण्याआधी उडी मारू लागली. मग त्या दोघांनी वीज बंदच केली. कुत्री उड्या मारीतच राहिली, शेकडो वेळा. वीज नाही हे कळायला एकदा थांबून पाहावे लागते, आणि तेच ती करीत नव्हती. पुढे त्यांनी पलीकडच्या खणातच वीज सोडून पाहिली. तरी त्यातली बरीच कुत्री उडी मारून सरळ विजेत जात राहिली.

१९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी फिलाडेल्फियाला केलेले प्रयोग याहून प्रसिद्ध आहेत. आधी काही केले तरी न टळणारे झटके दिलेली कुत्री नंतर सुटकेची वाट उघडी असूनही पेटीत कण्हत पडून राहिली. त्यांना आणण्यासाठी शेवटी गळ्यात दोरी घालून पलीकडे ओढावे लागले. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पुष्कळदा ओढल्यावर मग ती आपण होऊन जाऊ लागली. ही असहायता कुत्री शिकतात, असे त्या दोघांनी तेव्हा लिहिले. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपले मत फिरवले. पडून राहणे हा जिवाचा मूळचाच स्वभाव आहे आणि शिकावे लागते ते 'माझ्या हातात काही आहे' हे, असे आता त्यांचे म्हणणे आहे. पन्नास वर्षांनी आपलेच लिहिलेले खोडणारी माणसे मला फार आवडतात. त्या कुत्र्यांना त्याचा उपयोग नाही, हे वेगळे.

वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्यामांजरांच्या गळ्यात असला पट्टा घालणे गुन्हा आहे. जर्मनीत झटक्याने कुत्रा शिकवण्यास मनाई आहे. अमेरिकेत मात्र धंदा जोरात आहे, आणि आता तर तारही नको झाली आहे. फोनवरच्या नकाशात बोटाने रेघ ओढली की पट्टा उपग्रहाकडून आपली जागा समजून घेतो. कंपनीवाले म्हणतात, झटका अगदी सौम्य असतो आणि मोटारीखाली मरण्यापेक्षा बरा. हे मला खोडता येत नाही. दारात मेलेला कुत्रा मीही पुरला आहे. पण पट्टा घातलेला कुत्रा सशामागे बेभान होऊन एकदा हद्द ओलांडून गेला, तर भानावर आल्यावर त्याला घरी यायला तोच झटका खावा लागतो, हेही खरे. आणि बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याला हे कुंपण मुळीच अडवीत नाही.

मी मास्तर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली मारहाण बंद झाली, पण त्याआधीची पाच-सहा वर्षे माझ्या टेबलावर छडी असे आणि मी ती वापरलेली आहे. तेव्हाचा एक मुलगा आता एसटी स्टँडवर रिक्षा लावतो. दोन मुलांचा बाप आहे. मला बाजारात पाहिले की हसून नमस्कार करतो आणि लगेच हात पाठीमागे घेतो. त्याच्या ते ध्यानातही येत नसावे. माझ्या येते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी ब्रूनोला फिरवून आणतो म्हणालो. पट्टा मी स्वतः काढला. साधी दोरी बांधली, खिशात बिस्किटे घेतली. हिरवळीवरून तो शेपूट हलवीत, मला ओढीत निघाला. मग त्या ठिकाणी येऊन खाली बसला. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, बिस्किट दाखवले, मराठीत दोन गोड शब्द बोललो. बहिणीने पोर्चमधून "अरे, ये रे बाबा, मामा बोलावतोय!" म्हणून साद घातली. तो बिस्किटाकडे पाहून ओठ चाटी, उठे, एक पाय पुढे टाकी आणि पुन्हा बसे. मी दोरी जराशी ताणली तेव्हा त्याने चारही पाय जमिनीत रोवले आणि अंग थरथरू लागले. मी दोरी सोडून दिली.

भाचा आला. "असं नाही जमत मामा. त्याला उचलून न्यावं लागतं," म्हणाला, आणि चांगला पस्तीस किलोंचा तो कुत्रा त्याने लहान मुलासारखा दोन्ही हातांवर उचलला. हद्दीवरून जाताना ब्रूनोने डोळे मिटून घेतले. रस्त्याच्या पलीकडे खाली ठेवल्यावर अंग झाडले आणि शेपूट हलवीत एका झाडाचा वास घेऊ लागला.

तासाभराने आम्ही परतलो. अंगणापाशी आल्यावर तो पुन्हा खाली बसला. या खेपेस मी त्याला उचलले.