शब्दांचा उमेदवार

चांगली भाषा ही चांगल्या विचाराची खूण असते, असे आपण साहित्याच्या वर्गात सहज सांगून जातो. या विधानाची कसोटी पाहावयाची, तर अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे एकेकाळचे गव्हर्नर ॲडलाय स्टीव्हन्सन (१९००-१९६५) यांची कारकीर्द पुन्हा तपासावी, असे आम्हांस वाटते.

तेथील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो थेट लोकांनी निवडलेला, राज्यकारभार चालवणारा प्रमुख असतो. स्टीव्हन्सन १९४८ मध्ये ५,७०,००० हून अधिक मताधिक्याने निवडून आले. त्यांची शैली प्रथम दिसली ती विधेयके नाकारतानाच्या पत्रांत. पक्ष्यांच्या रक्षणासाठी मांजरांच्या भटकण्यास आळा घालणारे विधेयक त्यांनी १९४९ मध्ये परत पाठवले. मांजर आणि पक्षी यांचे भांडण राज्याने आज मिटवायला घेतले, तर उद्या कुत्रा आणि मांजर यांच्यातही न्याय करावा लागेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. कम्युनिस्टविरोधी भयगंडाच्या काळात, १९५१ मध्ये, सरकारी नोकरांवर निष्ठेची शपथ लादणारे विधेयकही त्यांनी नाकारले. येथे विनोद मागे पडून निर्भयता पुढे आली.

१९५२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन शिकागोत भरले. उमेदवारीची इच्छा नाही असे ते सांगत होते. परंतु यजमान गव्हर्नर म्हणून केलेल्या स्वागतपर भाषणाने सभागृह भारावले आणि तिसऱ्या फेरीत त्यांचीच निवड झाली. उमेदवारी स्वीकारताना त्यांनी सुखाची आश्वासने न देता पुढील कष्टांची जाणीव दिली. मतदाराला प्रौढ समजून बोलणे, हे त्या भाषेचे खरे वैशिष्ट्य होय.

समोर महायुद्धाचे विजयी सेनापती आयझेनहॉवर होते. त्यांचा प्रचार दूरचित्रवाणीवरील वीस सेकंदांच्या जाहिरातींतून चालला, तर स्टीव्हन्सन अर्ध्या अर्ध्या तासाची भाषणे देत. बुद्धिजीवींची टर उडवणारा ‘एगहेड’ हा शब्द त्यांच्या टकलावरून रूढ झाला. निकाल ४४२ विरुद्ध ८९ असा लागला. १९५६ मध्ये तो ४५७ विरुद्ध ७३ झाला. दोन्ही वेळा त्यांचे स्वतःचे इलिनॉयही विरोधात गेले.

सुसंस्कृत माणसाचा अडाणी समाजाने केलेला पराभव, अशी या कथेची सोपी मांडणी आम्हांस मान्य नाही. १९५२ मध्ये त्यांचे उपाध्यक्षपदाचे जोडीदार, अलाबामाचे स्पार्कमन, वर्णभेदाचे समर्थक होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांविषयी बोलताना स्टीव्हन्सन यांची वाणी दक्षिणेकडील मतांच्या धास्तीने सावध होई. याउलट १९५६ मध्ये अणुचाचण्या थांबवण्याची मागणी त्यांनी मतांची पर्वा न करता केली. तिची थट्टा झाली; परंतु १९६३ मध्ये अंशतः चाचणीबंदीचा करार झालाच.

१९६० मध्ये पक्षाने केनेडींना निवडले आणि स्टीव्हन्सन संयुक्त राष्ट्रसंघात राजदूत झाले. खरी कसोटी तेथे लागली. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाच्या विमानतळांवर बॉम्बहल्ला झाला. हल्ला करणारी विमाने क्यूबाच्याच फितूर वैमानिकांची आहेत, असे त्यांनी छायाचित्र दाखवून सांगितले. प्रत्यक्षात ती अमेरिकी गुप्तचर संघटनेने रंगवलेली विमाने होती. त्यांच्याच सरकारने त्यांना अंधारात ठेवून त्यांची विश्वासार्हता खर्ची घातली होती. पुढे २५ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याच संघटनेत सोव्हिएत राजदूत झोरिन यांच्यासमोर त्यांनी पुन्हा छायाचित्रे मांडली, क्षेपणास्त्रांची. आणि ती खरी होती.

वक्ता तोच आणि भाषाही तीच. एकदा असत्य, एकदा सत्य. म्हणून शैली हा सत्याचा पुरावा ठरत नाही, हे वर्गात आम्हीही स्पष्ट सांगावयास हवे. तरीही मतदाराला समजूतदार मानणारी ती भाषणे हरूनही वाचनीय राहतात. भाषेने ऐकणाऱ्याचा मान राखला आहे का, हा प्रश्न सत्यासत्यतेच्या प्रश्नाइतकाच विचारण्याजोगा आहे. मात्र एकाचे उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही.